खिळ्याच्या उंचीवरून

पंचशीला गायसमुद्रे कुणाच्या घरी फोटो काढायला गेली की आधी भिंतीवरचा माणूस खाली उतरवायची. म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसाचा, हार घातलेला फोटो. घरच्यांना विचारून ती स्टुलावर चढायची, फ्रेम खिळ्यावरून काढून बाजूला ठेवायची आणि ट्रायपॉडवर कॅमेरा असा चढवायची की त्याची लेन्स बरोबर त्या खिळ्यापाशी यावी. मग म्हणायची, "आता तुमची कामं करा. मी नाहीच असं समजा." लेन्सवर गडद काच लावून शटर ती बराच वेळ उघडं ठेवी. त्यामुळे पलंग, टीव्ही, मांडणीतली भांडी, खिडकीची जाळी हे सगळं लख्ख उमटायचं आणि हिंडतीफिरती माणसं मात्र धुरासारखी दिसायची. गेलेला माणूस वरून जे रोज बघत असेल, ते.

या फोटोंमुळे मुंबईतल्या गॅलरीवाल्यांत तिचं नाव झालं होतं. ते याला तिची शैली म्हणत. पंचशीलाला तो शब्द जड वाटे. तिचा मित्र निकेत हाही फोटोग्राफरच. मीरा रोडचे अर्धवट बांधलेले टॉवर, त्यांच्यावरच्या हिरव्या जाळ्या, असलं काहीतरी तो तिन्हीसांजेला फ्लॅश मारून टिपायचा आणि भिंतीएवढं मोठं छापायचा. तो म्हणायचा, "जी गोष्ट आपल्याला सोडता येत नाही, ती आपली शैली. सिगरेटसारखं आहे." तिचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मात्र तो म्हणाला, "यार, असं वाटतं की या घरात वर कुणीतरी आहे. आणि तो मीच आहे."

ती मूळची अशी मोठ्या वर्तुळातली नव्हती. तिचे वडील कोंडिराम अहमदपूरकडून भाईंदरला आले आणि नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामाला लागले. आई केसरबाई स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होती. दिवसभर ताटं-वाट्या चकाकवायच्या आणि संध्याकाळी काळंठिक्कर तोंड घेऊन घरी यायचं. पंचशीला बारावी झाली आणि भाईंदर पश्चिमेच्या बाजारातल्या चांदणी फोटो स्टुडिओत कामाला लागली. मालक महिपत भोईर. घराणं मिठागरवाल्यांचं, घरची मिठागरं गेली तेव्हा यांनी कॅमेरा धरला, आणि दुकानाला पोरीचं नाव दिलं.

स्टुडिओत पासपोर्टचे फोटो, शाळेची ओळखपत्रं, लग्नं, बारशी सगळं चाले. पण पंचशीलाच्या वाट्याला आलं ते मयताच्या फोटोंचं काम. घरात माणूस जातो, आणि मग लक्षात येतं की त्याचा धड एक फोटो नाही. कुणी लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा घेऊन येई, कुणी रेशनकार्डावरचा. डोळे मिटलेले, नाहीतर पुसट झालेले. दहाव्याच्या किंवा पुण्यानुमोदनाच्या आत मोठा फोटो हवा असे. मग कॉम्प्युटरवर त्याला कोट चढवायचा, मागे निळं आकाश टाकायचं, आणि डोळे दुसऱ्या कुणाचे तरी लावायचे. महिपतशेठनी तिला हे शिकवलं. ते म्हणायचे, मेलेल्याला डोलं लावणं म्हंजे देवापुढं दिवा लावण्यासारकं हाय. डोलं जित्या मानसाचंच घेयाचं. आनि त्याला इचारून घेयाचं.

पंचशीला तेव्हा विशीतली. विचारायचं कुणाला आणि कशाला, असं तिला वाटलं. आईचा पासपोर्ट साईझ फोटो नुकताच काढला होता. पॉलिशच्या काजळीतून धुऊन निघालेले केसरबाईचे डोळे त्यात काय स्वच्छ आले होते; मोठे, स्थिर, समोरच्याकडे सरळ बघणारे. पंचशीलाने ते उचलले आणि एका म्हाताऱ्याला लावले. ते असे चपखल बसले की घरच्यांनी फोटो बघून डोळ्यांना पदर लावला. मग तिला सवयच लागली. कुणाचाही फोटो आला की हात आपोआप आईच्या डोळ्यांकडे जाई. जरा रंग बदलायचा, जरा पापणी ओढायची.

पुढे तिने संध्याकाळचा डिप्लोमा केला, स्टुडिओ सोडला, लग्नांचे फोटो काढून पोट भरलं आणि उरलेल्या वेळात भर दुपारी मिठागरांवर जाऊन फोटो काढले. पांढरं मीठ, पांढरं ऊन आणि सावलीचा पत्ता नाही. ते फोटो फोर्टातल्या एका गॅलरीने लावले. तिथून तिचा रस्ता बदलला. या सगळ्यात डोळ्यांची गोष्ट ती साफ विसरून गेली.

आणि मग केसरबाईची नजर गेली. काचबिंदू होता, उशिरा कळला. कोंडिराम आधीच गेले होते. भाईंदर पूर्वेला इंद्रलोक वस्तीतल्या घरात मायलेकी दोघीच राहिल्या. केसरबाईने आंधळेपण तसं मुकाट्याने पत्करलं. घरातल्या घरात भिंती चाचपत चहासुद्धा करायची. एकच गोष्ट तिला खात होती. एके दिवशी जेवता जेवता ती म्हणाली, "पंचू, तुझं तोंड आठवंना झालंय मला. आवाज आहे, तोंड न्हाय."

पंचशीलाने तिचा हात स्वतःच्या गालावर नेला. केसरबाईने नाक चाचपलं, कपाळ चाचपलं आणि हात काढून घेतला. "हाडं कळतात," ती म्हणाली. "तोंड कळत न्हाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला घरं दिसायला लागली.

आधी ती बोलली नाही. ती दर रविवारी विहारात जाणारी बाई. भूत, देव, अंगात येणं असल्या गोष्टी तिने लग्नानंतर घराबाहेर काढून टाकल्या होत्या. स्वतःलाच असलं काही दिसतंय याची तिला लाज वाटायची. पण एकदा तोंड उघडलं आणि मग सांगतच गेली. एका घरात दोन सुना दिवसभर एकमेकींशी बोलत नाहीत, एकाच ओट्यावर पाठीला पाठ लावून पोळ्या लाटतात. एका घरात पोरगा शाळेला जाताना वर बघून हात जोडतो आणि नंतर जीभ दाखवतो. हे सगळं उंचावरून दिसतं, माळ्यावर बसल्यासारखं, आणि खालच्या बाजूला काहीतरी पिवळं, धुरकट आडवं येतं. पापण्या मिटल्या तरी दिसतं. लोक दिवे मालवतात तेव्हाच काय तो अंधार.

"आणि एक जागा आहे," ती म्हणाली, "तिथं घरच न्हाय. सगळं हिरवं, गढूळ. हलतंय. कधीमधी पांढरं काहीतरी तोंडावरून जातं."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नजर गेली की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढतो. पुष्कळांना होतं, घाबरू नका. केसरबाईला हे पटलं. पुस्तकातलं कारण मिळालं म्हणून ती खूषही झाली. पण घरी आल्यावर हळूच म्हणाली, "चित्रंच म्हणावं तर मग ती बाई कोण?"

पंचशीलाने विचारलं, कसली बाई.

केस बारीक कापलेले, पांढरट, चष्मा. कधी या घरात येते, कधी त्या. एकदम वर चढते आणि आपल्या तोंडाला तोंड भिडवते, इतकं जवळ की श्वास लागेलसं वाटतं. दोन्ही हात आपल्या कानांपाशी आणते. "मग अंधार करते. मला तिचं लई भ्या वाटतं, पंचू."

पंचशीलाच्या अंगावर काटा आला, पण कशामुळे ते तिला कळलं नाही. आईची नजर होती तोवर पंचशीलाची वेणी कमरेपर्यंत होती. चष्मा आणि केस कापणं हे दोन्ही नंतरचं. आईला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. पण माणसाला स्वतःचं तोंड दुसऱ्याच्या बोलण्यात ओळखू येत नाही.

त्याच आठवड्यात ती भाईंदर पश्चिमेच्या जुन्या वस्तीत सावित्री पाटील यांच्याकडे गेली. नवरा धर्मा वारून बरीच वर्षं झालेली. फोटो चांदणी स्टुडिओतलाच. किंबहुना अशी सगळी ओळखीची घरं ती स्टुडिओच्या जुन्या गिऱ्हाइकांतूनच शोधायची. तिने धर्माचा फोटो उतरवला, पलंगावर पालथा ठेवला आणि काम सुरू केलं. सावित्री तांदूळ निवडत होती, उठत होती, बसत होती. फोटो चांगला झाला.

संध्याकाळी घरी पोचली तर केसरबाई खुर्चीत ताठ बसलेली. आज ती बाई परत आली होती, ती म्हणाली. अंधार केला, आणि या वेळी अंधारसुद्धा धड नाही. निळी फुलं. कापडावरची निळी फुलं नाकाला टेकलेली, दुपारभर तेवढंच. जीव गुदमरला.

सावित्रीच्या पलंगावरची चादर पंचशीलाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पांढरी, निळ्या फुलांची. तिने चहा केला, कपात ओतला, आणि तो तिथेच ओट्यावर गार झाला.

दुसऱ्या दिवशी ती परत सावित्रीकडे गेली. उजेड बरोबर आला नव्हता, अशी थाप मारली. स्टुलावर चढली आणि या वेळी फोटो उतरवायच्या आधी नीट बघितला. धर्मा पाटलाचं रापलेलं तोंड, जाड मिशी, आणि त्यात केसरबाईचे डोळे. डाव्या बुबुळाखाली पांढऱ्यात तिळाएवढा डाग होता, तो पुसायचा तिने कंटाळा केला होता. ते डोळे तिच्याकडे बघत होते. आणि काचेत, त्याच डोळ्यांवर, तिला एक बाई दिसली. केस कापलेली, चष्मा लावलेली, दोन्ही हात फ्रेमच्या कडांना.

ती तशीच उभी राहिली. फोटो उतरवायला हात धजेना आणि खाली उतरायला पाय धजेनात.

"काय वालवी लागली का?" सावित्रीने खालून विचारलं. "नीट बग, पोरी. सासूबायच्या फोटोला लागली व्हती. तोबी तुमच्याच स्टुडिओतला. मग काय, टाकायचा कसा? गनपतीसंगं खाडीत सोडला."

हिरवं, गढूळ, हलतंय. पंचशीला स्टुलावरून उतरली आणि चप्पल पायात कशीबशी अडकवून निघाली. धर्माला तिने भिंतीवरच ठेवलं.

महिपतशेठ आता दुकानाच्या वरच्या खोलीत राहत. खाली मोबाईलची कव्हरं विकणारा भाडेकरू होता. शेठ खिडकीत बसून होते. तिने सगळं सांगितलं, तरी त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आईला इचारलं व्हतंस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

ते म्हणाले, मी म्हणूनच माझे स्वतःचे लावायचो. स्वतःला काय विचारायचं. त्यांनी सांगितलं की त्यांची नजर अजून शाबूत आहे, त्यामुळे एरवी काही जाणवत नाही. फक्त दुपारी डोळा लागायच्या बेताला असला की वर चढल्यासारखं होतं. असं म्हणून त्यांनी पापण्या मिटल्या आणि थोड्या वेळाने, कुणाच्या तरी घरात बसून बोलावं तसं, शांतपणे म्हणाले, "आता ह्यांचे घरान जेवायला बसलेत. आज बोंबील हाय."

तिने विचारलं, यावर उपाय काय. त्यांनी डोळे उघडले. उपाय न्हाय, म्हणाले. घेतलं ते घेतलं. ते फोटो काढून टाकलेस तर आईची तेवढी खिडकी मिटेल, एवढंच. खाडीत गेला तो तर हाताबाहेर. "फुडलं मात्र इचारून कर."

घरी जाऊन आईला सांगणं तिला फार अवघड गेलं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगितलं. बाईपर्यंत आली आणि थांबली.

"ती बाई मी आहे, आई."

केसरबाई हसली, ते हसणं तसं बरं नव्हतं. ती म्हणाली, आयुष्यभर लोकांना सांगितलं की मेल्यावर काही उरत नसतं, आणि माझेच डोळे मेलेल्यांना लावून ठेवलेस. पंचशीलाने विचारलं, सगळे फोटो परत मागून आणू का. केसरबाईने नको म्हणून मान हलवली. त्या लोकांनी काय केलंय, ती म्हणाली. त्यांची माणसं आहेत ती. पोरगं रोज जीभ दाखवतं, त्याला नंतर कोण दिसणार.

"पण इतकी घरं दिसायलीत," ती म्हणाली, "त्यात माझंच घर न्हाय. आणि माझी लेक दिसली तर मी तिला भ्याले."

तेव्हा पंचशीलाने ते विचारलं, जे वीस वर्षांपूर्वी विचारायचं राहिलं होतं. "आई, तुझे डोळे घेऊ का? दादांच्या फोटोसाठी."

घरात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली दादांचा, म्हणजे कोंडिरामचा, फोटो होता. मिठागराच्या बांधावर उभे असताना पंचशीलानेच काढलेला, तिच्या पहिल्या कॅमेऱ्याने. हसता हसता उन्हाने त्यांचे डोळे इतके बारीक झालेले की असून नसल्यासारखे. केसरबाईने विचार केला. "घे," ती म्हणाली. "तसंही त्यांनी फोटोत कधी पुरते डोळे उघडले न्हाईत."

पंचशीलाने जुना पासपोर्टचा फोटो शोधला आणि ते काम केलं. या वेळी रंग बदलला नाही, पापणी ओढली नाही, डागही तसाच ठेवला. नवा फोटो फ्रेममध्ये बसवला, आईला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि ती स्टुलावर चढली. फ्रेम खिळ्यात अडकवायला चेहरा जवळ न्यावाच लागला. दोन्ही हात कडांना.

मागून केसरबाईचा आवाज आला, बारीक, भेदरलेला. "ती आली."

एरवी या वेळेला पंचशीला पटकन खाली उतरली असती. ती तिथेच थांबली. तोंड फोटोपासून वीतभर अंतरावर ठेवून म्हणाली, "आई, मी आहे. मी बोलतेय. माझ्या तोंडाकडे बघ."

"बोल अजून."

ती बोलत राहिली. काय बोलली ते तिलाच आठवत नाही. भाजीचं, पाण्याच्या टाकीचं, कारखान्यातून आई यायची तेव्हा ती जिन्यात कशी बसून राहायची त्याचं. मागे खुर्ची करकरली. मग आई म्हणाली, "ओठ हलायलेत. तुझ्या आवाजासंगं हलायलेत." आणि थोड्या वेळाने, "केस काऊन कापलेस गं?"

पंचशीला उतरली आणि स्टुलावर बसली. केसरबाई मिटल्या पापण्यांनी शांत बसली होती, आणि वरून, कोंडिरामच्या चेहऱ्यातून, तिचे डोळे खोली बघत होते. तिने घर विचारत विचारत बघितलं. पडदे कधी बदलले? फ्रीजवर एवढा पसारा कसला?

"पंचू, खुर्चीत ती म्हातारी कोण बसलीय?"

"तू आहेस, आई."

"एवढी वाळलीय?" आणि मग, "डोळे मिटलेत का तिचे?"

"हो."

"मग झोपू दे तिला," केसरबाई म्हणाली. परक्या माणसाबद्दल बोलावं तसं.

पंचशीलाने ती मालिका पुढे चालवली नाही. निकेतने कारण विचारलं तेव्हा म्हणाली, सिगरेट सुटली. प्रदर्शन झालं, लोक आले, फोटोंसमोर उभे राहून आवाज आपोआप खाली आणत राहिले. त्यात शेवटचा फोटो तिच्या स्वतःच्या घराचा होता. तो काढायचा तर कोंडिरामला खिळ्यावरून उतरवणं भाग होतं. तिने कॅमेरा लावला, शटर उघडलं, आणि फ्रेम पलंगावर ठेवली नाही, भिंतीला टेकवली नाही. आईच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून ती बसली आणि फोटो मांडीवर उभा धरला, स्वतःकडे तोंड करून.

त्यामुळे त्या एका फोटोत माणसांचा धूर झालेला नाही. खुर्चीत मिटल्या डोळ्यांची म्हातारी आहे, आणि तिच्या शेजारी एक बाई फ्रेम धरून बसली आहे. फ्रेमची पाठ आपल्याकडे. बाई श्वाससुद्धा घेत नाहीये असं वाटतं. तिला तसं सांगितलं होतं. शटर उघडलं त्या क्षणी केसरबाई शेजारून म्हणाली होती, "हलू नकोस. आत्ता कुठं नीट दिसायलीस."